मालक, आमच्या कपाटाचा पाय परत करा

मालक,

पत्राची सुरुवात 'सप्रेम नमस्कार' लिहून करायची आपल्याकडे रीत आहे. तुमच्याबद्दल प्रेम वाटावं असं तुम्ही काही केलेलं नाही, त्यामुळे ती रीत बाजूला ठेवून सरळ विषयावर येते. लांजीहून आमचं घरचं सामान तुम्ही नागपूरला पोचवायचं होतं. तुमच्या गाडीवर मोठ्या अक्षरांत 'सुरक्षित, खात्रीशीर, घरपोच' असं लिहिलेलं आहे. यातले पहिले दोन शब्द उद्याच्या उद्या रंग लावून पुसून टाका. तिसराही अर्धाच राहू द्या, कारण जे उचललं ते सगळं घरी पोचलेलं नाही.

तुमचं नाव मी इथे लिहीत नाही. तुमच्यावर दया आली म्हणून नव्हे. नाव लिहिलं तर वाचणारा म्हणेल, चला, हा एक वाईट निघाला, आपण दुसरा बघू. आणि तो दुसराही तुमच्याच पद्धतीनं फोनवर भाव सांगून, न बघता गाडी पाठवून, वाटेत सामान दुसऱ्याच्या गाडीत टाकून मोकळा होईल. मला तुमची ही पद्धत लोकांपुढे मांडायची आहे.

बालाघाट जिल्ह्यातल्या आमच्या लांजीला रेल्वे नाही. गाडी धरायची तर बाघ नदी ओलांडून आमगावला नाहीतर गोंदियाला यावं लागतं. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची नवी वाटणी झाली, नागपूर-भंडारा मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. नागपूरची राजधानी गेली, कचेऱ्या भोपाळला हलल्या आणि सरकारी नोकरांची बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं पेट्या-वळकट्या घेऊन उत्तरेला निघाली. आम्हा लांजीकरांचं तोंड मात्र नागपूरकडेच राहिलं. सोयरीक तिकडे, मोठा दवाखाना तिकडे, पोरांचं कॉलेज तिकडे. त्यामुळे लांजीहून नागपूरला सामान नेणं ही आमच्याकडे पिढ्यान्पिढ्यांची गोष्ट आहे, आणि ते धड कसं न्यायचं याची अक्कलही पिढ्यान्पिढ्यांची आहे.

ती अक्कल कशी होती ते तुम्हाला सांगते, कारण तुमच्या फोनवरच्या पोरीनं मला ऐकवलं होतं की 'मॅडम, आमच्याकडे आधुनिक पॅकिंग आहे, गावठी नाही.' आमचा मुलूख धानाचा. घरोघरी तणसाचे ढीग. काचेचं, चिनीमातीचं, कवेलूचं काहीही बैलबंडीतून न्यायचं झालं की आधी तळाला हातभर तणस पसरायचं, प्रत्येक वस्तूच्या मध्ये तणसाची पेंढी घालायची, वरून पुन्हा तणस आणि मग सुतळी. कवेलू कधी आडवे रचत नसत, काठावर उभे लावत. माल गाडीच्या लाकडाला टेकता कामा नये आणि मालाला माल घासता कामा नये, एवढाच नियम. तुमच्या बबल-रॅपमागेही नियम हाच आहे. फरक इतकाच की बंडीवाला तो पाळत होता आणि तुम्ही रॅपचा रोल फक्त दाखवायला आणता.

आता कपाटाकडे येते.

ते कपाट माझ्या आजोबांनी लांजीतच करवून घेतलं. बालाघाटच्या जंगलातलं सागवान, आणि काम आमच्याच ओसरीवर बसून केलेलं. चौकटीला एक खिळा नाही. लाकडात लाकूड बसवलेलं आणि आरपार भोक पाडून वरून बांबूची खुंटी ठोकलेली. या खुंट्या निमुळत्या असतात. बारीक टोकाकडून लाकडी हातोडीनं दोन-चार हलके ठोके दिले की त्या मागच्या मागे निघतात. माथा वेगळा होतो, दोन्ही दारं बिजागरीवरून उतरतात, फळ्या सरकवून काढता येतात आणि खाली चार खरादी पायांवरचा तळ उरतो. म्हणजे ज्यानं ते कपाट बनवलं, त्यानं ते हलवायचीही सोय करून ठेवली होती. आईनं तुमच्या माणसांना हे उभं राहून सांगितलं. आजोबांच्या वेळची लाकडी हातोडीही काढून दिली. तुमचा सुपरवायझर म्हणाला, 'आजी, एवढा टाइम नाही, असंच जाईल.'

असंच गेलं. माथ्याला धरून उचललं, तेव्हा माथ्याचा सांधा उघडला. दारं झुलू नयेत म्हणून त्यांना बाहेरून पट्टा बांधायचा असतो, तो बांधला नव्हता. आणि ओसरीच्या उंबऱ्यावरून ते उचलायचं सोडून ओढलं. मालक, भरलेलं-रिकामं कसलंही कपाट जमिनीवरून ओढू नये हे पहिल्या दिवशी हमालाला शिकवायचं असतं. गोल पाय वरून येणारं वजन पेलायला असतो. तेच वजन आडवं आलं की पाय ज्या खुंटीवर बसवलेला असतो तिथे लाकूड रेषेरेषेनं चिरतं. आमच्या कपाटाचा पुढचा डावा पाय असाच चिरला, आणि नंतर कुठेतरी गळून पडला. नागपूरला कपाट उतरलं ते तीन पायांवर आणि चौथ्या कोपऱ्याखाली विटेचा तुकडा घालून. तो तुकडा तुमच्या माणसानं आमच्याच सोसायटीच्या बागेतून आणला.

पॉलिशचं ऐका. जुन्या सागवानी कपाटावर बहुधा चपड्याचं पॉलिश असतं. पळस आणि कुसुमाच्या झाडांवर जी लाख धरते, तिच्यापासून केलेला हा चपडा. तो उन्हात नरम पडतो आणि ओल लागली की पांढरा पडतो. म्हणून त्याच्या अंगाला प्लास्टिक कधी सरळ लावायचं नसतं. आधी जुनी सुती चादर किंवा घोंगडी, तिच्यावर नालीदार पुठ्ठा, कोपऱ्यांना पुठ्ठ्याची दुहेरी घडी आणि सगळ्यात वर पारदर्शक फिल्म. तुम्ही बबल-रॅप उलटा घेतला, बुडबुडे आत, थेट लाकडावर, आणि वरून चिकटपट्टी सरळ पॉलिशला लावली. पावसाळ्याचे दिवस, ओलसर लाकूड, बंद गाडी. आज त्या कपाटाच्या दोन्ही बाजूंवर गोल गोल पांढऱ्या चकत्यांची नक्षी उमटली आहे. चिकटपट्टी ओढली तिथे तिच्यासोबत पॉलिशही सोलून निघालं. आई रोज ओल्या हाताला खोबरेल लावून ते पुसते. पुसून जात नाही हे तिला कळतं, तरी पुसते.

आरसा. दाराच्या आतला आरसा काढून वेगळा न्यायचा, काचेवर चिकटपट्टीची फुली मारायची म्हणजे तडा गेला तरी तुकडे उडत नाहीत, दोन्ही बाजूंनी पुठ्ठा लावायचा आणि गाडीत उभा ठेवायचा. काच आडवी ठेवली की स्वतःच्याच वजनानं मधून वाकते आणि खड्ड्यातला एक दणका पुरतो. तुम्ही दारासकट आरसा आडवा टाकला, वर गाद्या टाकल्या. मऊ वस्तूखाली काच सुरक्षित असते असं तुमच्या माणसांना वाटलं असेल. वाटणारच, कारण त्यांना कुणी शिकवलंच नाही.

इथे मला त्या माणसांबद्दल बोलायचं आहे, कारण तुम्ही फोनवर सगळं खापर त्यांच्यावर फोडलंत. 'हमाल लोक तसेच असतात, काय करणार.' तसेच म्हणजे कसे, मालक? अख्ख्या घराचं सामान उचलायला तुम्ही इनमिन तिघे पाठवले, त्यातला एक तर ओठावर मिसरूडही न फुटलेला पोरगा. खांद्यावर घ्यायचे पट्टे नाहीत, चाकाची ट्रॉली नाही, हातमोजे नाहीत. पहाटे दुसऱ्या गावचं काम उरकून ते लांजीला आले होते, पोटात नुसता चहा. आईनं त्यांना आधी भात वाढला. फुटलेला आरसा नागपूरला उतरवताना त्या पोराचा तळहात कापला. तुमच्या गाडीत पट्टी नव्हती, डेटॉलची बाटली नव्हती. हळद आम्ही भरली, दवाखान्यात आम्ही नेलं, टाके घातले त्याचे पैसे आम्ही दिले. तुम्हाला फोन केला तर तुम्ही विचारलंत, 'डिलिव्हरी पूर्ण झाली का?' माझं कपाट एक वेळ सुतार नीट करेल. त्या पोराच्या हाताला काही झालं असतं तर त्याच्या घरी तुम्ही कोणता विमा दाखवणार होतात?

विम्याचा विषय निघालाच आहे तर कागदांकडेही येते. तुमच्या बिलात सामानाच्या किमतीवर 3 टक्के 'विमा' लावला आहे. पॉलिसी नंबर विचारला तर तुम्ही बिलावरच शिक्का मारून दिलात. विमा शिक्क्यानं होत नसतो. विमा नियामकाकडे नोंदलेल्या विमा कंपनीनं दिलेली पॉलिसी हवी, तिच्यावर सामान कुठून कुठे चाललं आहे, किंमत किती, कशाकशाची भरपाई मिळेल हे लिहिलेलं हवं. ते नसेल तर ते पैसे तुम्ही कशाच्या नावावर घेतलेत?

दुसरी ओळ, 'ई-वे बिल खर्च'. राज्याची सीमा ओलांडायची म्हणून लागतो म्हणालात. जीएसटीच्या नियम 138 च्या परिशिष्टात वापरलेलं घरगुती आणि वैयक्तिक सामान ई-वे बिलातून वगळलेलं आहे. आईची परात, गादी आणि तिचं चष्म्याचं घर बाघ नदी ओलांडून नेण्यासाठी असला कागद काढावा लागत नाही, आणि तुम्ही तो काढलाही नव्हता. तिसरी ओळ, 18 टक्के जीएसटी. बिलावर जीएसटी क्रमांक मात्र कुठेही नाही. क्रमांक नसलेल्या माणसाला हा कर गोळा करायचा अधिकारच नाही.

आणि बिलाच्या डोक्यावर 'आयबीए मान्यताप्राप्त'. भारतीय बँक संघ वाहतूकदारांची जी यादी करतो, ती बँकांनी कोणाच्या बिल्टीवर बिलं वटवावीत यासाठी असते. तुम्ही आरसा उभा ठेवता की आडवा, हे बँक संघ तपासायला येत नाही. त्या यादीत तुमचं नाव मला सापडलं नाही ते वेगळंच.

सगळ्यात खाली, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत तुमची लाडकी ओळ: 'माल मालकाच्या जोखमीवर.' नुकसान दाखवलं की तुम्ही या ओळीवर बोट ठेवता, म्हणून ती नीट समजून घ्या. 1865 चा कॅरिअर्स ॲक्ट गेला आणि 2007 चा रस्ता वाहतूक कायदा आला, 1 मार्च 2011 पासून तो लागू आहे. त्यात भाड्यानं माल वाहणाऱ्याला नोंदणी बंधनकारक आहे. कलम 12 सांगतं की मालाची हानी झाली तर ती तुमच्या निष्काळजीपणानं झाली हे सिद्ध करायची जबाबदारी माझ्यावर नाही. या 'ओनर्स रिस्क'च्या अटीबद्दल सर्वोच्च न्यायालयानं 2000 साली नाथ ब्रदर्स एक्झिम विरुद्ध बेस्ट रोडवेज या खटल्यात सांगून टाकलं आहे की असं लिहून घेतल्यानं वाहतूकदार स्वतःच्या हलगर्जीपणातून सुटत नाही. तुमचं बिल तुम्ही छापखान्यातून आणलंत, कायदा तिथे छापला जात नाही.

त्या कायद्यातली एक गोष्ट तुम्हाला नक्की माहीत होती, असा माझा दाट संशय आहे. पाठवणाऱ्यानं जास्त जोखमीचा दर देऊन सामानाची किंमत लिहून दिली नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच राहते. म्हणून माल चढवण्याआधी फॉरवर्डिंग नोट भरायची असते आणि तिच्यात प्रत्येक वस्तू, तिची अवस्था आणि किंमत लिहायची असते. मी यादी तयार ठेवली होती. तुमचा माणूस म्हणाला, 'आमच्याकडे असला फॉर्म नसतो, व्हॉट्सॲपवर फोटो टाका.' फोटो टाकले. ते आज माझ्या उपयोगाला येत आहेत: कपाट चार पायांवर उभं, आरशात आमची ओसरी आणि तिच्यात तुमचा सुपरवायझर स्पष्ट दिसतो.

एवढं सगळं झाल्यावरही मला सर्वांत जास्त राग कशाचा आला असेल, तर गोंदियाच्या गोदामाचा. ठरलं होतं ते असं, की एक गाडी, फक्त आमचं सामान, लांजी ते नागपूर सरळ. प्रत्यक्षात तुम्ही गोंदियाला सगळं उतरवलं आणि दुसऱ्या मोठ्या गाडीत, कुणाच्या तरी दुकानाच्या लोखंडी रॅकसोबत रचलं. उतरवणं आणि पुन्हा चढवणं म्हणजे मोडतोडीची आणखी एक संधी, आणि पाय हरवायला आणखी एक जागा. जड सामान केबिनकडे, हलकं मागे, उभ्या वस्तू बाजूच्या कड्यांना दोरखंडानं आवळून, मध्ये गाद्या आणि गोधड्या. गाडी अशी भरतात. आमच्या देव्हाऱ्यावर लोखंडी रॅकचा कोपरा टेकलेला होता आणि आजीच्या गोधडीवर गंजाचे पट्टे उठले आहेत. यातली एकही गोष्ट विचारून केली नाहीत. आम्ही इकडे रात्रभर फोन करत होतो, आणि तुमचं उत्तर एकच, 'गाडी रस्त्यात आहे.' गाडी रस्त्यात नव्हती, मालक. ती गोदामाच्या दारात उभी होती, तुमच्याच ड्रायव्हरनं नंतर सांगितलं.

आणि मग नागपूरला दारात गाडी उभी करून कुलूप न उघडता मागितलेले जादा पैसे. मजला कितवा, लिफ्ट केवढी, हे फोनवर विचारून घेतलं होतंत, भाव त्यावरच ठरला होता. तरी ड्रायव्हरला पुढे करून तुम्ही म्हणालात, आधी टाका, मग उघडतो. आत आईची औषधं होती, तिचा वॉकर होता, हे तुम्हाला ठाऊक होतं. सत्तरी ओलांडलेल्या बाईला प्लास्टिकच्या खुर्चीवर पार्किंगमध्ये बसवून तुम्ही भाव वाढवलात. पैसे मी दिले, आणि पावती मागून घेतली. ती पावतीही मी जपून ठेवली आहे. सोपवलेला माल वाहतूकदारानंच गिळला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 मध्ये सात वर्षांपर्यंतची कैद आहे. आईचं पितळी गंगाळ आणि तांब्याची घागर अजून आलेली नाहीत, हे लक्षात ठेवून ते कलम एकदा वाचा.

तुम्हाला वाटत असेल, लांजीसारख्या लहान गावातलं गिऱ्हाईक, जुनं लाकडी सामान, चार दिवस ओरडतील आणि गप्प बसतील. याच हिशेबावर तुमचा धंदा चालतो, हे मला आता पुरतं कळलं आहे. नव्या प्लायवुडचा पलंग मोडला तर माणूस दुसरा आणतो. अशा सागवानी वस्तूंना बाजारात जोड नाही आणि त्या करणारे हातही आता फारसे उरलेले नाहीत. त्यांची किंमत रद्दीच्या भावात धरून तुम्ही 'जुनं होतं, तेवढं तर होणारच' म्हणता. जुनं होतं म्हणूनच ते इतकी वर्षं टिकलं. लांजीच्या पावसाळ्यात टिकलं, तीन पिढ्यांच्या पोरांनी त्याच्या दारावर झोके घेतले तेव्हा टिकलं. तुमच्या एका दिवसात मोडलं.

हे पत्र वाचणाऱ्या गोंदिया, आमगाव, लांजी, बालाघाटच्या लोकांना मला हेच सांगायचं आहे की घर न बघता फोनवर भाव सांगणाऱ्याला सामान देऊ नका. यादी आणि किंमत लिहिलेल्या कागदावर त्याची सही घेतल्याशिवाय पहिली पेटी उचलू देऊ नका. स्क्रू, चाव्या, खुंट्या एका पिशवीत घालून त्या त्या वस्तूच्याच अंगाला बांधा. आणि दागिने, औषधं, कागदपत्रं स्वतःच्या मांडीवर घेऊन प्रवास करा.

तुमच्यासाठी मात्र एवढंच. रस्ता वाहतूक कायद्याच्या कलम 16 प्रमाणे द्यायची लेखी नोटीस मी स्पीड पोस्टानं पाठवली आहे. तिला बुकिंगपासून 180 दिवसांची मुदत असते, मी तेवढी वाट पाहिलेली नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे मी जिथे राहते तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे तुम्हाला नागपूरला यावं लागेल. तुम्हाला दिलेले पैसे 5 लाखांच्या आतले असल्यामुळे मला त्यासाठी शुल्कही भरावं लागत नाही. त्याआधी हे प्रकरण मिटवायचं असेल तर गोंदियाचं गोदाम झाडून आमच्या कपाटाचा पाय शोधा, गंगाळ आणि घागर आणा, विमा आणि ई-वे बिलाच्या नावावर घेतलेले पैसे परत करा, आणि चपड्याचं पॉलिश येणारा सुतार स्वतःच्या खर्चानं पाठवा. त्या पोराच्या औषधाचा खर्चही द्या, आणि तो मला नाही, त्याच्याच हातात द्या. येताना फोन करून या. आई दुपारी दोन ते चार झोपते.

तुमची गिऱ्हाईक, आणि आता तक्रारदार